सहा फॉर्मांतलं ट्रॉय : कुमार वाङ्मयाच्या प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
मराठीत कुमार वाङ्मय काढणारे प्रकाशक, त्यांचे संपादक आणि परदेशी महाकाव्यांची रूपांतरं करणारे लेखक यांस,

स. न. वि. वि.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं प्रुफं वाचते. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर असतं, चित्रकाराचं आतल्या पानावर, माझं कुठेच नसतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे.

गेल्या पावसाळ्यात ट्रॉयच्या युद्धावरचं एक पुस्तक माझ्याकडे आलं. सहा फॉर्म, म्हणजे ९६ पानं. वयोगट दहा ते चौदा. प्रकाशक कोण ते सांगत नाही, कारण नंतर घरातली अशीच आणखी चार पुस्तकं काढून पाहिली, तर थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच प्रकार. पान १२ वर ग्रीकांचा देवराज झ्यूस होता, पान ३१ वर त्याचा रोमन ज्युपिटर झाला, पान ५० वर पुन्हा झ्यूस. अथेनाची मिनर्व्हा झाली ती शेवटपर्यंत परत आलीच नाही. आणि घोड्याच्या प्रकरणात ‘ओडिसिअस, युलिसिस व इतर निवडक वीर’ घोड्याच्या पोटात शिरले. एकाच माणसाचं ग्रीक नाव आणि लॅटिन नाव अंधारात मांडीला मांडी लावून बसलं असणार. हे सगळं मी लाल पेनाने दुरुस्त केलं, ते माझं कामच आहे. पुढचं मात्र दुरुस्त करता आलं नाही. समासात चार-पाच ठिकाणी प्रश्नचिन्हं घातली, तर फोन आला, “ताई, तुम्ही ऱ्हस्वदीर्घ बघा, मजकुराचं आम्ही बघतो.”

म्हणून मजकुराबद्दल इथे लिहिते.

त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लाकडी घोडा आहे, मलपृष्ठावर ग्रीकांकडचा मुख्य वीर अकिलीस याच्या टाचेत घुसलेला बाण आहे, आणि आत पहिल्याच पानावर ‘होमरच्या इलियड या महाकाव्यावर आधारित’ असं छापलंय. इलियडमध्ये ना घोडा आहे, ना ती टाच. दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले पन्नासेक दिवस, एवढाच त्या २४ सर्गांचा आणि साडेपंधरा हजार ओळींचा ऐवज. काव्य संपतं तेव्हा अकिलीस जिवंत आहे आणि ट्रॉयचा तट उभा आहे. अंग अभेद्य व्हावं म्हणून आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवलं आणि हातात धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली, ही गोष्ट आज हाती असलेल्या ग्रंथांत पहिल्यांदा सापडते ती स्टेशियस या रोमन कवीकडे, इसवी सनाच्या पहिल्या शतकात. म्हणजे होमरनंतर सात-आठशे वर्षांनी. होमरच्या अकिलीसला चांगली जखम होते. एकविसाव्या सर्गात अस्टेरोपेअस नावाचा वीर दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन भाले फेकतो. एक ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या कोपराला खरवडून जातो आणि काळं रक्त उसळतं. ज्याचं अंग वज्राचं, तो चिलखत नाही म्हणून रणाबाहेर अडून कशाला बसेल? आणि त्याची आई रातोरात हिफेस्टस या लोहारदेवाच्या भट्टीवर कशाला धावेल? टाच एवढी पक्की बसलीय आपल्या डोक्यात, की हा साधा प्रश्न कुणाला पडत नाही.

तुम्ही म्हणाल, मुलांना गोष्ट हवी असते, ती कोणी कधी लिहिली याच्याशी त्यांना काय करायचंय? मान्य. घोडा द्या. पण घोड्याची गोष्ट जुन्या काव्यांत कुणाच्या तोंडी येते तेवढं तरी बघा. होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्यात, आठव्या सर्गात, ओडिसिअस परक्या राजाच्या दरबारात पाहुणा म्हणून बसलाय, कुणी त्याला ओळखत नाही. तो स्वतःच दरबारातल्या आंधळ्या गायकाला सांगतो, घोड्याचं गाणं म्हण. गायक म्हणतो, आणि ज्याने ती युक्ती यशस्वी केली तोच माणूस हमसून रडायला लागतो. होमर त्याला उपमा कुणाची देतो? नवऱ्याच्या प्रेताला मिठी मारून रडणाऱ्या बाईची. शहर वाचवताना नवरा पडलाय, आणि शत्रू पाठीत भाल्याचे दांडे टोचून तिला गुलामीत हाकत नेतायत. जिंकणाऱ्याचं रडणं हरलेल्या बाईसारखं. दुसरी मोठी जागा रोमन कवी व्हर्जिलच्या एनीड या काव्याच्या दुसऱ्या सर्गात. तिथे सांगणारा ट्रॉयचा वीर एनिआस, घर जळालेला, बायको गर्दीत हरवलेली. तोही डिडो राणीपुढे सांगायला नको-नको म्हणत सुरुवात करतो. आणि आपल्या ९६ पानांत? ‘अशा रीतीने चतुर ग्रीकांनी शत्रूला धूळ चारली!’ उद्गारचिन्ह लेखकाचं. मी ते काढलं होतं, छापताना परत आलं.

आता मुख्य गाऱ्हाणं. देव.

संपादक मला फोनवर म्हणाले, देवांचा भाग मुद्दामच काढला. एक तर देव असे भांडतात, मारामाऱ्या करतात, हे मराठी मुलांना कसं सांगायचं; आणि दुसरं म्हणजे चमत्कारांपेक्षा ‘खरं युद्ध’ दाखवावं. पहिल्या कारणाचं मला हसू आलं. ज्या मुलांना सगर राजाचा यज्ञाचा घोडा इंद्राने पळवला हे ठाऊक आहे, अर्जुन आपला मुलगा म्हणून ब्राह्मणाचं सोंग घेऊन कर्णाची कवचकुंडलं मागायला हाच इंद्र आला होता हे ठाऊक आहे, त्या मुलांना झ्यूसची बायको हेरा नवऱ्याला फसवते याचा धक्का बसणार? उलट आपल्या मुलांइतकी या काव्याला तयार झालेली मुलं सहसा सापडायची नाहीत. झ्यूसचा मुलगा सार्पेडन, थेटिसचा अकिलीस, ॲफ्रोडाइटीचा एनिआस. प्रत्येक देव आपल्या पोराकडे डोळा ठेवून. महाभारत ऐकलेल्या मुलाला यातलं काय समजावून सांगावं लागणार आहे?

दुसऱ्या कारणाचं मात्र हसू येत नाही, कारण त्यात काव्यच हातचं जातं. इलियडचा पहिला शब्द आहे ‘मेनिन’. त्या पुस्तकात पहिलं वाक्य आहे, ‘अकिलीसला राग आला.’ राग कुणालाही येतो. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून मलाही येतो. पण होमर हा शब्द बहुतेक करून देवांच्या रागासाठी वापरतो, आणि माणसांमध्ये तो मुख्यतः एकट्या अकिलीसच्या वाट्याला येतो. मराठीत याला नेमका शब्द पडून आहे, कोप. साध्या माणसाला राग येतो, देवीचा कोप होतो, आणि कोप झाला की गावात साथ येते. पहिल्या सर्गात तेच घडतं. पुजाऱ्याचा अपमान झाला म्हणून अपोलोचा कोप होतो, नऊ दिवस त्याचे बाण छावणीवर पडतात, आधी खेचरं आणि कुत्री मरतात, मग माणसं, आणि चिता विझत नाहीत. देवाचा कोप संपतो न संपतो तोच माणसाचा सुरू होतो, आणि तो देवाच्या कोपाइतकीच माणसं खातो. इंग्रजी संक्षेपावरून भाषांतर केलं की यातलं काही हाती लागत नाही. मूळ ग्रीक यायला हवं असं मी म्हणत नाही, मलाही येत नाही. चांगलं, टीपांसकट भाषांतर समोर असलं आणि आपल्या भाषेकडे कान असला तरी पुष्कळ होतं.

तशीच एक जागा पान ४४ वर. अकिलीस म्हणतो, मला दोन वाटा आहेत : घरी परतलो तर लांब आयुष्य, पण नाव उरणार नाही, इथे लढलो तर परतणं नाही, पण कीर्ती उरेल. पुस्तकात होतं ‘अमर कीर्ती’. मी समासात ‘अक्षय’ लिहिलं. ग्रीक शब्द आहेत ‘क्लेऑस आफ्थितॉन’, आणि ऋग्वेदात ‘अक्षिति श्रवः’ आहे. क्लेऑस आणि श्रवस् एकाच मुळाचे, आफ्थितॉन आणि अक्षित एकाच मुळाचे. कून या जर्मन अभ्यासकाने हे १८५३ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे ‘अक्षय कीर्ती’ लिहिलं की तो शब्द भाषांतर न राहता दूरचा नातेवाईक होतो. शिवाय त्या काव्यात अमर फक्त देव. जो माणूस मरण निवडतोय त्याच्या तोंडी ‘अमर’ घालणं म्हणजे चपराश्याला कलेक्टरच्या खुर्चीत बसवणं. दुरुस्ती नाकारली गेली. कारण दिलं, ‘अक्षय’ म्हटलं की मुलांना अक्षय्य तृतीया आठवते. आठवू दे की!

देव कशाला हवेत, ते पाचव्या सर्गात स्वच्छ दिसतं. ग्रीकांकडचा वीर डायोमिडीस ॲफ्रोडाइटी या देवीच्या हातावर भाला मारतो. जखमेतून येतं ते रक्त नव्हे, इखोर. कारण, होमर सांगतो, देव भाकरी खात नाहीत, वारुणी पीत नाहीत, म्हणून त्यांच्यात रक्त नसतं. मग हाच डायोमिडीस अथेनाच्या मदतीने प्रत्यक्ष युद्धदेव एरीसच्या पोटात भाला खुपसतो. एरीस नऊ-दहा हजार माणसांएवढा ओरडतो, धावत बापाकडे जातो आणि जखम दाखवून रडगाणं लावतो. झ्यूस त्याला झापतो, ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत मला तूच नकोसा आहेस, असं तोंडावर सांगतो, आणि तरी वैद्य बोलावतो. अंजिराचा चीक टाकून ढवळलं की दूध जसं बघता बघता आळतं, तशी जखम भरून येते. झ्यूसची मुलगी हेबी त्याला न्हाऊ घालते, चांगले कपडे देते, आणि तो पुन्हा बापाशेजारी ऐटीत बसतो.

हा प्रसंग मी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या वाचनालयात अकरा मुलांना वाचून दाखवला. भाषांतर माझंच, वहीतलं, इंग्रजीवरून केलेलं. सहावीतला एक मुलगा म्हणाला, “रडूबाई!” सगळे खिदळले. मग मी पान उलटलं आणि लगेच पुढचा, सहावा सर्ग. सुरुवातीलाच हाच डायोमिडीस अक्सिलस नावाच्या माणसाला मारतो. अरिस्बे गावचा, सुखवस्तू, घर रस्त्याला लागून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला जेवूखाऊ घालणारा. होमर म्हणतो, पण त्यातला एकही त्या दिवशी त्याच्यापुढे उभा राहून मरण अडवायला आला नाही. एवढंच, पाच-सहा ओळी. आधी नाव नाही, नंतर नाव नाही.

मुलं गप्प. मग एक मुलगी, पाचवीतली, जरा चिडून म्हणाली, “त्याच्याकडे जेवलेले लोक कुठे होते?”

मला त्यावर काही सांगता आलं नाही. पण देव का हवेत याचं उत्तर त्या दोन पानांच्या मधे आहे. एरीसची जखम दुधासारखी आळते, अक्सिलसची आळत नाही. देवांना लागतं पण ते मरत नाहीत, म्हणून त्यांच्या लेखी युद्ध हा रंगलेला सामना. एकविसाव्या सर्गात अपोलो समुद्रदेव पोसायडनला चक्क म्हणतो, या पानांसारख्या फुटणाऱ्या आणि वाळणाऱ्या माणसांसाठी आपण दोघांनी कशाला लढायचं? आणि बाजूला होतो. देव कापले की गॅलरीत बसलेली ही मंडळी जातात आणि खाली मरणाऱ्यांचं मरण किती महागाचं आहे ते कळेनासं होतं. उरते फक्त मॅच.

झ्यूसलाही सुटका नाही, हे त्यातलं सर्वांत भारी. बाराव्या सर्गात त्याचा मुलगा सार्पेडन मित्राला म्हणतो, आपण या लढाईतून वाचून कायमचे अजर-अमर होणार असतो तर मी पुढच्या फळीत लढलो नसतो, तुलाही पाठवलं नसतं. पण मरणं हजारांनी उभीच आहेत, तर चल. सोळाव्यात तो मरायला टेकतो. झ्यूसच्या मनात येतं, उचलून घरी नेऊन ठेवावं का याला? हेरा म्हणते, ने खुशाल, पण मग बाकीचे देवही आपापली पोरं उचलतील. देवांचा राजा ऐकतो. जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो, आणि नंतर निद्रा आणि मृत्यू या जुळ्या भावांकरवी मुलाचं शव गावी पोचवतो. ते शव उचलतानाचं चित्र युफ्रोनिओस या ग्रीक चित्रकाराने एका मोठ्या मद्यपात्रावर रंगवलंय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ते १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतलं, आणि चोरून उकरलेलं ठरल्यावर २००८ मध्ये इटलीला परत केलं. मुखपृष्ठाला चित्र हवं असेल तर घोडा सोडा, हे बघा.

ट्रॉयचा मुख्य वीर हेक्टर याच्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याच्यावर तुमच्या पुस्तकांनीही तसा अन्याय केलेला नाही. फक्त शिरस्त्राण विसरलात. वेशीवर बायको बाळाला घेऊन येते, बाळ बापाच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून किंचाळतं, दाईच्या कुशीत शिरतं. आईबाप हसतात. हेक्टर ते लखलखतं शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग पोराला हातात घेऊन झुलवतो. ‘हेक्टरने पत्नीचा निरोप घेतला’ या चार शब्दांत हे सगळं बसवलेलं होतं. आणि चोविसाव्या सर्गाला तर पाऊण पान. अकिलीसने मारलेल्या हेक्टरचं शव मागायला त्याचा बाप, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम, रात्री एका सारथ्यासोबत शत्रूच्या तळात जातो, आपल्या मुलांना मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, तुझ्या बापाची आठवण कर. अकिलीसला आपला घरी एकटा राहिलेला बाप आठवतो. मग दोघे एकाच तंबूत रडतात, एक मुलासाठी, दुसरा बापासाठी आणि युद्धात पडलेल्या मित्रासाठी. नंतर अकिलीस त्याला आग्रहाने जेवायला लावतो, आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत? प्रायम हिशेब सांगतो : नऊ दिवस घरात शोक, दहाव्याला दहन आणि जेवण, अकराव्याला माती घालू, बाराव्याला लढायचंच असेल तर लढू. आपल्याकडे दहावं-तेरावं माहीत असलेल्या कुठल्याही पोराला हा हिशेब कळेल. शत्रू तेवढे दिवस देतो. आणि काव्य शत्रूपक्षातल्या माणसाच्या अंत्यविधीवर संपतं. विजयावर नाही. ग्रीकांचा विजय त्यात नाहीच. एवढंच काय, होमर ‘ग्रीक’ हा शब्दसुद्धा वापरत नाही. अखियन, आर्गाइव्ह, डॅनाअन म्हणतो. तुमच्या पुस्तकात ‘शूर ग्रीक’ हे शब्द मी ३७ वेळा मोजले.

एनीडची तर चार ओळींत बोळवण. ‘पुढे एनिआस इटलीला गेला व त्याने रोम वसवले.’ नाही वसवलं. ज्युपिटर पहिल्याच सर्गात पुढचं वेळापत्रक सांगतो : एनिआस तीन वर्षं राज्य करील, मुलगा तीस वर्षं, मग आल्बा लोंगात तीनशे वर्षं, आणि तेव्हा कुठे रोम वसवणारा रोम्युलस. हेही असो. ज्या गोष्टीत देव कापायची सोय तुम्हाला वाटते, तिथे व्हर्जिलने काय केलंय बघा. ट्रॉय पेटलंय, एनिआस रागाने हेलनला मारायला निघालाय. त्याची आई व्हीनस (ॲफ्रोडाइटीच ती) त्याच्या डोळ्यांपुढचं धुकं बाजूला करते. मग त्याला दिसतं की पाया उखडतोय तो नेपच्यून, वेशीवर उभी आहे ती जुनो, गडावर बसली आहे ती मिनर्व्हा. माणसं भांडताहेत असं वाटत होतं, पण शहर देव पाडताहेत. (इथे लॅटिन नावंच हवीत. काव्य लॅटिन आहे. झ्यूस इकडे पाठवू नका.)

आणि शेवट. बाप अँकायसिस सहाव्या सर्गात पाताळात एनिआसला शिकवतो, शरण आलेल्याला सोड, माजलेल्याला नमव. बाराव्या सर्गाच्या अखेरीस हरलेला शत्रू टर्नस गुडघ्यावर येऊन हात पसरतो, आपल्या म्हाताऱ्या बापाचं नाव घेतो. एनिआस थांबतो. तलवार अडते. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर, टर्नसनेच मारलेल्या पॅलस या आपल्या तरुण साथीदाराचा पट्टा त्याला दिसतो, आणि तो संतापाने भडकून तलवार खुपसतो. टर्नसचा जीव कण्हत सावल्यांत जातो. काव्य तिथेच बंद. पुढे लग्न नाही, राज्याभिषेक नाही. रोमन साम्राज्याचं राष्ट्रीय काव्य म्हणतात ते हे.

इ.स.पू. १९ मध्ये इटलीतल्या ब्रुंडिझियमला व्हर्जिल वारला तेव्हा हस्तलिखित जाळून टाका असं त्याचं म्हणणं होतं, अशी परंपरा सांगते. सम्राट ऑगस्टसने ते होऊ दिलं नाही. वारियस आणि टुक्का या दोघांनी प्रत तयार केली, अट एकच होती : पदरचं काही घालायचं नाही. पन्नासहून अधिक ओळी अर्ध्याच होत्या, त्या त्यांनी अर्ध्याच ठेवल्या. मुद्रितशोधक म्हणून मी या दोघांना मनोमन नमस्कार करते. जागा रिकामी दिसली की भरावीशी वाटते, मला विचारा.

तुमचे हिशेब मला कळतात. कागद महाग, सहा फॉर्मांच्या वर गेलं की किंमत वाढते, शाळांची खरेदी हातची जाते. तर मग सगळं ट्रॉय सहा फॉर्मांत कोंबू नका. दोनच सर्ग घ्या, सहावा आणि चोविसावा, आणि ते पूर्ण द्या. देवांसकट, अक्सिलससकट, शिरस्त्राणासकट. अकिलीस लिहायचं की अखिलेउस, एजॅक्स की आयास, ते एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. आपल्याकडे ख आणि त दोन्ही आहेत, इंग्रजीच्या दाराने यायची गरज नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास डिओ क्रिसोस्टम नावाच्या ग्रीक वक्त्याने म्हणून ठेवलंय की भारतातले लोकसुद्धा होमर आपल्या भाषेत गातात. बहुधा महाभारताची काहीतरी वार्ता त्याच्या कानावर गेली असावी. पण एका परक्या माणसाने आपल्या नावावर एवढं लिहून ठेवलंय, तर दोन सर्गांपुरतं तरी ते खरं करायला काय हरकत आहे?

माझी वही आहे, ती देईन. मानधन नको. चोविसाव्या सर्गाची प्रुफंही फुकट वाचीन, दोनदा. फक्त समासात प्रश्नचिन्ह दिसलं तर फोन करण्याआधी ती ओळ एकदा वाचा.

कळावे,

आपली,
एक मुद्रितशोधक
पुणे